पाच वाक्यांची कीर्ती

वैद्यकीय लेखन गाजवायचे असेल तर ते इतके छोटे लिहावे, की कुणी उघडून पाहण्याची तसदीच घेऊ नये. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने पोर्टर आणि जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना ते लागल्याची नोंद सापडली, असे त्यात होते. पत्र खोटे नव्हते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता, एवढेच. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात हिशेब प्रसिद्ध झाला: ६०८ लेखांनी या पत्राचा हवाला दिला होता. त्यांपैकी ४३९ लेखांनी तो ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून वापरला, आणि ४९१ लेखांनी हे रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलेच नाही. ऑक्सिकोंटिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आल्यावर तर हवाल्यांना भरतीच आली.

संशोधकांनी सगळे मूळ लेखन वाचायचे कधी, असा प्रश्न येईल. जाडजूड ग्रंथाबाबत ही सबब चालली असती. पाच वाक्यांपुढे ती टिकत नाही. अमेरिकेतली अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाची साथ एका पत्राने आली नाही, औषध कंपन्यांच्या विक्रीतंत्राने आली, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण विक्रेत्याला विद्वत्तेचा शिक्का हवा असतो, आणि तळटीपा लिहिणाऱ्यांनी तो फुकटात मारून दिला. पत्र बेछूटपणे उद्धृत झाल्याची सूचना नियतकालिकाने त्यावर जोडली ती २०१७ मध्ये, सदतीस वर्षांनी.