दाजींची दुर्बीण

परवडणारी थर्मल दुर्बीण घ्यायची असं एकदा ठरलं की माणूस आधी न परवडणाऱ्या सगळ्या पाहून घेतो. मीही चार लाखांपासून सुरुवात केली आणि दर दहा हजारांना थोडा थोडा नम्र होत साठ हजारांच्या आसपास येऊन टेकलो. बायकोला वीस सांगितले.

आमच्या जंगलवेड्या मंडळात माझं स्थान ज्येष्ठ पण भाकड असं आहे. बाकीचे ताडोब्याहून येतात ते वाघिणीच्या संसाराचे फोटो घेऊन, मी येतो तो धुळीचा खोकला घेऊन. मी ज्या जिप्सीत असतो तिला सांबरसुद्धा तोंड दाखवत नाही. दिवसाउजेडीच्या प्राण्यांवर या मंडळींनी आपापली नावं घालून ठेवली आहेत, तेव्हा मला उरली रात्र. साळिंदर, उदमांजर, वाघाटी, रातवा ही आता माझी माणसं. आणि अर्थात बिबट्या. अभयारण्यात रात्री शिरता येत नाही, शिरूही नये. पण जुन्नरच्या उसाला तिकीट लागत नाही आणि माझी सासुरवाडी ओतूरजवळ आहे. प्राणी दिसावा एवढीच माझी अपेक्षा असती तर बॅटरी पुरली असती. इतरांना न दिसलेला प्राणी मला दिसावा, आणि तो दिसल्याचं सांगताना मी आवाज शक्य तितका सहज ठेवावा, अशी ती अपेक्षा होती.

शिवाय बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारून जनावराला दिपवण्यापेक्षा हे सभ्यपणाचं. थर्मल दुर्बीण स्वतः उजेड पाडत नाही आणि तिला उजेड लागतही नाही. ऊब असलेली प्रत्येक वस्तू अवरक्त किरण सोडत असते. त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण ती टिपते. हे काम करणाऱ्या चकतीला मायक्रोबोलोमीटर म्हणतात. हा शब्द मी एका लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढणाऱ्याला थांबवून, दोनदा उच्चारला आहे. या किरणांपुढे काच म्हणजे भिंत, म्हणून भिंग जर्मेनियमचं लागतं. २०२३ साली चीनने जर्मेनियमच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आमच्या सोसायटीत त्याची काळजी करणारा मी एकटाच होतो. काचेचा नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडीत बसून, काच वर करून या दुर्बिणीतून बाहेर पाहिलं तर बाहेरचं काही दिसत नाही. काचेवर आपल्याच तोंडाची ऊब परावर्तित होऊन आपणच दिसतो. मला या यंत्राचा हा गुण फार मार्मिक वाटला, बायकोलाही वाटला.

दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, पाचशे मीटरपर्यंत बिनधास्त दिसतं." खोक्यावरही तसंच छापलं होतं. हे आकडे ज्या हिशेबावर काढतात तो १९५८ सालचा आहे. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी तो बसवला. आजच्या भाषेत सांगायचं तर 'तिथे काहीतरी आहे' एवढं कळायला त्या वस्तूवर दोनेक पिक्सेल पुरतात, ते कुठल्या जातीचं आहे हे कळायला आठेक लागतात आणि नेमकं कोण हे कळायला बारा-तेरा. खोक्यावर छापतात तो पहिला आकडा. तोही पुरुषभर उंचीच्या, सरळ उभ्या राहिलेल्या, सहकार्य करणाऱ्या माणसाचा. माझ्या दुर्बिणीची चकती २५६ बाय १९२ पिक्सेलची, पिक्सेल १२ मायक्रॉनचा, भिंग १० मिलिमीटरचं. म्हणजे शंभर मीटरवर एक पिक्सेल बारा सेंटिमीटर जागा व्यापतो. बिबट्या तिथे पाच पिक्सेल उंच भरतो, ससा तर दोन-तीन पिक्सेलांतच आटोपतो. पाचशे मीटरवर आख्खा बिबट्या हा साबुदाण्याचा एक दाणा.

मग मोठं भिंग का नाही? ३५ मिलिमीटरचं घेतलं तर जनावर साडेतीनपट मोठं दिसतं, पण नजरेचा पट्टा तेवढाच अरुंद होतो आणि किंमत जिथे जाते तिथे मी नुकताच जाऊन आलो होतो. चकती ३८४ बाय २८८ ची घ्या, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे. पैसे असतील तर ते भिंगावर आणि चकतीवर घालावेत, सात रंगांच्या पॅलेटवर नाही. सेकंदाला नऊच चित्रं दाखवणारी स्वस्तातली घेऊ नये, तिच्यात पळणारा ससा हप्त्याहप्त्याने पळतो. निदान पंचवीस हवीत. आणि संवेदनशीलतेचा आकडा मिलिकेल्विनमध्ये असतो, तो जितका लहान तितका चांगला. माझा चाळीस आहे. म्हणजे अंशाच्या पंचविसाव्या भागाचा फरक तिला कळतो. हे ऐकून मला जो गर्व झाला तो चापड्याने उतरवला.

चापडा म्हणजे आंबोलीला पावसाळ्यात फांदीवर वेटोळं घालून बसलेला असतो तो साप. त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. त्या खळग्यात एक अतिशय पातळ पडदा अधांतरी ताणलेला असतो, पुढेही हवा, मागेही हवा, म्हणजे आलेली ऊब इकडेतिकडे पसरून वाया जायला नको. आता मायक्रोबोलोमीटर कसा बनवतात? प्रत्येक पिक्सेलचा पातळ पापुद्रा दोन बारीक पायांवर निर्वात पोकळीत अधांतरी उभा करतात, आलेली ऊब पसरून वाया जायला नको म्हणून! जे साठ हजारांत मला मिळालं ते चापड्याच्या तोंडावर जन्मतः बसवलेलं आहे, आणि माझ्यापेक्षा सरस. त्याला अंशाच्या कितीतरी बारीक अंशाचा फरक कळतो, चार्जिंग लागत नाही आणि हे उबेचं चित्र त्याच्या मेंदूत डोळ्यांच्या चित्रावर बेमालूम बसतं. त्याला मेनूत जाऊन पॅलेट निवडावी लागत नाही. घोणसही याच मोठ्या कुळातली, पण तिला हा खळगा नाही; अजगराला त्याच धर्तीच्या खाचा ओठांवर असतात.

खरी गंमत पुढेच आहे. हे उबेचं ज्ञान ज्या रेणूच्या दारातून सापाच्या मज्जातंतूंत शिरतं ते दार २०१० साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. टीआरपीए-१ त्याचं नाव. तेच दार तुमच्याआमच्याकडेही आहे, फक्त आपल्याकडे ते मोहरीच्या झणक्याने उघडतं. काकडीच्या कोशिंबिरीतली फेसलेली मोहरी नाकात चढून डोळ्यांत पाणी येतं ना, ते हेच. उत्क्रांतीने एकच कडी दोन घरांना दिली. चापड्याने तिच्यावर अंधारात उंदीर धरला आणि आम्ही कोशिंबीर केली. हे कळल्यापासून पानात मोहरी आली की मी घास थांबवून भिंतीकडे रोखून पाहतो. अजून काही दिसलेलं नाही. आणि शेवटचा टोला असा की हा चापडा माझ्या दुर्बिणीत दिसतच नाही. त्याचं अंग आसपासच्या फांदीइतकंच गार. तो मला पाहू शकतो, मी त्याला नाही.

असो. दुर्बीण घेऊन ओतूरला गेलो. थंडीचे दिवस निवडले होते, कारण उन्हाळ्यात हे यंत्र हात टेकतं. दिवसभर तापलेले दगड मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात आणि प्रत्येक दगड बिबट्या असतो. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती, त्यामुळे मेव्हणा दारं धरायला निघालाच होता. म्हणाला, "चला दाजी, तुम्ही वाघ बघा, मी पाणी बघतो." तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

मी बांधावर बसलो. ऊस म्हणजे काळी भिंत. पानांच्या आतलं काहीही दिसत नाही, हे खोक्यावर छापलेलं नव्हतं. ताजं शेण लखलखीत दिसलं. एक टिटवी दिसली, म्हणजे तिचं डोकं आणि पाय. पिसांनी बाकीची टिटवी गार राखली होती. मग सरीतलं पाणी दिसलं आणि मी दुर्बीण खाली घ्यायला विसरलो. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण इथे ते गार काळ्या रानात एकेका सरीतून पांढरं होऊन सरकत होतं. ढेकळाशी अडत होतं, वळसा घेत होतं. त्या पांढऱ्या रेघांच्या टोकाला एक चतुष्पाद उभं होतं. पाठ आडवी, डोकं खाली. ऐंशी-नव्वद मीटर. माझे हात गार पडले. तेवढ्यात ते दोन पायांवर उभं राहिलं, कमरेवर हात ठेवून मागे वाकलं आणि खोकलं.

मेव्हणा होता. खोऱ्याने दारं मोडत होता.

नंतर बराच वेळ मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. उभा असला की माणूस, वाकला की जनावर. बिबट्याला तरी याहून वेगळं काय दिसत असणार? उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. वाकलेला, बसलेला माणूस त्याच्या रोजच्या भक्ष्याच्या उंचीला येतो. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या लोकांनी २०२५ साली बिबट्याच्या भीतीने गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे घातले. असे पट्टे आपण धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात पाहिलेले असतात. शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून सौर कृषी वाहिनी योजना आली त्याला २०१७ पासून इतकी वर्षं झाली आणि माझा मेव्हणा अजून पौषातल्या रात्री एक वाजता खोरं घेऊन उसाच्या कडेला वाकलेला आहे. त्याच्याकडे एक बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेलं भजन. साठ हजारांचं यंत्र माझ्याकडे, मौजेसाठी. मला स्वतःचा राग आला, मग वीज मंत्रालयाचा आला, आणि दुसरा राग जास्त सोयीचा असल्यामुळे तो टिकला.

बांधावर येऊन त्याने दुर्बिणीची किंमत विचारली. त्याला खरी सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे वीसेक टन ऊस. त्यापरीस दिवसा लाईट स्वस्त पडंल की, दाजी." मग दुर्बीण मागून घेतली. मला वाटलं उसाकडे बघेल, तर त्याने ती थेट मोटरच्या खोलीत नेऊन स्टार्टरच्या पेटीवर रोखली. तीन तारांपैकी एकीचा जोड इतर दोघींपेक्षा झगझगीत पांढरा होता. "ही बघा," तो म्हणाला, "गेल्या साली मोटर हिच्यापायीच जळाली. नऊ हजार गेले." मेन स्विच बंद करून त्याने तो जोड आवळला, पुन्हा पाहिलं, तिघी सारख्या. मला आयुष्यात एवढं समाधानकारक काही दिसलेलं नव्हतं आणि ते ओळखायला बारा पिक्सेलही लागले नव्हते.

दुर्बीण तिकडेच राहिली. मंडळाच्या पुढच्या बैठकीत 'सह्याद्रीतील निशाचर आणि थर्मल तंत्र' या विषयावर माझं भाषण ठेवलंय आणि यंत्र दाखवायला आणा असा आग्रह आहे. मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "परवा नाही जमायचं, दाजी. वायरमननं मागून नेलीय, खालच्या वस्तीवरची डीपी बघायला."