फाइल फिरेल, फडके फिरणार नाही

ऑफिसातल्या कीबोर्डचे आयुष्य तीन टप्प्यांत सरते. पहिल्यात त्याच्यावरचे प्लॅस्टिक कुणी काढत नाही. दुसऱ्यात ते प्लॅस्टिक फाटते आणि बटणांच्या फटींत भडंग शिरते. तिसऱ्यात एंटर अडकतो आणि साहेब म्हणतात, ‘नवा मागवा.’ या सगळ्या काळात त्याच्यावरून एकदाही फडके फिरलेले नसते.

का फिरत नाही, विचारून बघा. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणतात, ‘कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय आम्हाला.’ देखभाल करारातला मेकॅनिक म्हणतो, ‘सर, क्लीनिंग एएमसीत येत नाही.’ खुर्चीवर बसणारा म्हणतो, ‘माझ्या घरचा आहे का?’ शिपाई टेबल रोज पुसतो, नाही असे नाही. डाव्या हाताने कीबोर्ड उचलतो, खालची जागा लख्ख करतो आणि कीबोर्ड होता तस्सा परत ठेवतो. टेबल त्याच्या कामात येते, टेबलावरचे येत नाही.

विकत घेणे मात्र सगळ्यांच्या कामात येते. मागणीपत्र भरायला क्लार्क आहे, शिफारस करायला सुपरवायझर आहे, कोटेशने मागवायला खरेदी विभाग आहे. सरकारी ऑफिस असेल तर २०१६पासून जेम पोर्टल आहे, संगणक संचाची नोंद करायला जडवस्तू संग्रह नोंदवही आहे आणि सगळ्यात शेवटी निर्लेखनाचा प्रस्ताव आहे. साडेचारशे रुपयांच्या वस्तूसाठी पाच सह्या होतात. त्या पाचांतल्या एकाने खिशातला रुमाल काढला असता, तर फाइल उघडावीच लागली नसती.

टाइपरायटरच्या काळात हे चालले नसते. गोदरेजने १९५५मध्ये देशी टाइपरायटर आणला आणि पुढची पन्नासएक वर्षे कोर्टाच्या आवारापासून तहसील कचेरीपर्यंत त्याचा खडखडाट चालू होता. त्या यंत्राची घाण थेट कागदावर उमटायची. टाइपात शाईचा गाळ बसला की ‘ब’चे पोट बुजायचे आणि ‘ब’ कुठला, ‘व’ कुठला कळायचे नाही. साहेब पत्र परत पाठवायचे, म्हणून टायपिस्टच्या ड्रॉवरमध्ये ब्रश असायचा. कॉम्प्युटरने ती भीतीच घालवली. बटणावर कितीही मळ असो, पडद्यावरचे अक्षर धुतल्या तांदळासारखे! जी घाण वरिष्ठाला दिसत नाही, ती नोकरीत घाण धरली जात नाही.

एकदा कीबोर्ड उघडूनच बघा. स्वस्तातला असेल तर उलटा करून मागचे स्क्रू काढायचे. पुष्कळदा एक स्क्रू लेबलाखाली दडलेला असतो. आत प्लॅस्टिकचे तीन पारदर्शक पापुद्रे निघतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या वाटा छापलेल्या, मधल्याला भोके. बटण दाबले की रबराची टोपी दबते, भोकातून वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटते. यंत्र एवढेच. शेव, कुरमुरे, केस, नखे, स्टेपलरच्या पिना हा सगळा ऐवज टोप्यांच्या आजूबाजूला पडून असतो. त्याने बटण अडखळते, पण बिघडत सहसा काही नाही. उलटा करून आपटला तरी बराचसा माल खाली येतो.

खरा वैरी चहा. साखरेचा चहा पापुद्र्यांच्या मध्ये झिरपतो आणि वाळला की त्यांना एकमेकांना चिकटवून टाकतो. मग एक अक्षर दहादा उमटते आणि दुसरे उमटतच नाही. ऑफिसात मधुमेहामुळे कोरा, बिनसाखरेचा चहा पिणारा जो कुणी असेल, त्याचा कीबोर्ड सर्वांत जास्त टिकायला हरकत नाही.

साफ करायला फार विद्या लागत नाही. वायर काढायची, मोबाइलवर फोटो घ्यायचा, बटणे बेताने उपटून साबणाच्या कोमट पाण्यात टाकायची. स्पेसबार, शिफ्ट, एंटर यांच्याखाली बऱ्याचदा तारेची दांडी असते, तिथे घाई करायची नाही. सांगाड्यावर रंगकामाचा कोरडा ब्रश आणि चिकट जागी मेकॅनिक लोक ज्याला ‘आयपीए’ म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यातले ॲसिटोन मळाबरोबर प्लॅस्टिकही खाते. मग रात्रभर पंख्याखाली. सकाळी १०४ बटणे फोटोत बघून जागच्या जागी. एवढे करूनही काही बटणे चकाकतच राहतील. ती चकाकी मळाची नव्हे. बोटांनी घासून प्लॅस्टिकच गुळगुळीत झालेले असते, ते पुसून जात नाही. नोकरीत तेवढी एकच झीज खरी कामाची असते.

इथे बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतला दुकानदार हसेल. ‘काका, उघडून साफ करायचे दोनशे घेईन. नवा साडेचारशेला आहे, वर्षाची वॉरंटी. बोला.’ यावर बोलण्यासारखे काही नसते. त्याचा हिशेब बिनचूक आहे, कारण त्याचा वेळ विकाऊ आहे. आपला हिशेब तपासायला हवा. ‘वेळ कुणाला आहे?’ असे म्हणणारा माणूस शुक्रवारी चार ते सहा रील्स बघत बसलेला असतो. ते दोन तास कुठल्या दराने लावायचे? आपला वेळ फक्त फडके हातात घेताना महाग होतो.

ही खोड आपलीच आहे, असेही नाही. ॲपलने २०१५मध्ये ‘बटरफ्लाय’ नावाचा कीबोर्ड लॅपटॉपवर आणला. बटणे इतकी पातळ, की धुळीचा कण गेला तरी अडकायची. कंपनीने उपाय सांगितला: लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरा आणि हवेचा फवारा मारा. म्हणजे लाखाची वस्तू आणि ती साफ करायला कंपासपेटीतला कोनमापक. त्यानेही भागले नाही, तर पुष्कळांना बॅटरीसकट वरचा अख्खा भाग बदलून घ्यावा लागायचा. २०१८मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात कंपनीने पाच कोटी डॉलरची तडजोड केली. उलट आयबीएमचा १९८५चा ‘मॉडेल एम’ बघा. दोनेक किलोचा धोंडा, पण बटणाची टोपी हाताने निघते, धुऊन परत बसते. त्यातले कित्येक अजून चालू आहेत. साफ करता येणे हा त्या काळी वस्तूचा गुण होता. पुढे तो खर्चाच्या रकान्यात गेला आणि तिथे त्याच्यावर काट मारली गेली.

‘थोडा मळ असला तर काय बिघडतं?’ असे विचारणाऱ्यांसाठी एक जुनी बातमी. २००८मध्ये ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहक मासिकाने लंडनच्या आपल्याच ऑफिसातले ३३ कीबोर्ड तपासून घेतले. चार आरोग्याला धोक्याचे ठरले आणि एक तर टॉयलेट सीटच्या पाचपट घाण निघाला. लोक हसले, दचकले, विसरले. टॉयलेट सीट जिंकली, कारण ती रोज कुणीतरी घासते. ते कुणाचे तरी ठरलेले काम आहे. ज्याचे आहे त्याचे नाव ऑफिसात कुणाला माहीत नसते, ही गोष्ट वेगळी.

यंत्राला आपण मान देत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. खंडेनवमीला कीबोर्डवर झेंडू ठेवतो, हळद-कुंकू वाहतो, अक्षता टाकतो. त्यातल्या चार अक्षता एंटरखाली जातात आणि पुढच्या नवमीपर्यंत तिथेच मुक्काम करतात. पूजेला मुहूर्त आहे, पुसण्याला नाही. पूजा करणारा चारचौघांत मोठा होतो. पुसणाऱ्याला आपल्याकडे जी पायरी दिली आहे, तिच्यावर पाच मिनिटेसुद्धा उभे राहायची आपली तयारी नाही. साडेचारशे रुपये आपण मोजतो ते कीबोर्डचे नव्हे, त्या पायरीवर उतरावे लागू नये याचे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात झाडू घ्यायचे, कीर्तन रात्री. आपण त्यांच्या नावाने २०००-०१पासून ग्रामस्वच्छतेचे अभियान चालवले, बक्षिसे वाटली. झाडू घेतला तो फोटोपुरता.

टाकलेला कीबोर्ड जातो कुठे, हेही बघायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगाने ६ कोटी २० लाख टन ई-कचरा केला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण कीबोर्ड भंगारवाल्यालाही फारसा नको असतो. प्लॅस्टिक भरपूर, तांबे नावाला. दाराशी आलेला भंगारवाला त्याची वायर कापून घेतो आणि उरलेले धूड आपल्याच हातात देतो. जगात एवढा रोखठोक अभिप्राय दुसरा कुणी देत नाही.

तेव्हा निवाडा सोपा आहे. पापुद्रा फाटला, छापलेली वाट गंजली, बटणाचा पाय मोडला, तर खुशाल नवा घ्या. लॅपटॉप असेल तर बटणे स्वतः उपटू नका, नाजूक बिजागऱ्या तुटतात, जाणत्याकडे न्या. बाकी नुसत्या मळासाठी नवा घेणे बंद.

त्यासाठी मागणीपत्राच्या नमुन्यात एकच कलम वाढवावे. नवा कीबोर्ड मागणाऱ्याने जुना स्वतःच्या हाताने उलटा करून आपटावा आणि खाली पडलेला माल कागदाच्या पुडीत बांधून अर्जाला जोडावा. पुडीवर नाव, हुद्दा आणि सही. खरेदी विभागाने ती साहेबांसमोर उघडावी. निम्मे अर्ज येणारच नाहीत. जे येतील त्यांना कीबोर्ड नवा द्यावा आणि चहा त्या दिवसापासून कोरा, बिनसाखरेचा.