एकास दहा

माझी गाडी ताशी 40 किलोमीटरने धावते. धावते तेव्हा. रिमोटवरची, एकास दहा मापाची गाडी. म्हणजे मोठ्या मोटारीच्या हिशेबाने ताशी 400. सुकापुरातल्या आमच्या सोसायटीत हा हिशेब न ऐकलेला माणूस उरलेला नाही. मी तो शक्यतो लिफ्टमध्ये सांगतो, ऐकणाऱ्याला निघून जाता येत नाही.

"मग खड्डाही दहापट धरायचा का?" बायकोने विचारलं.

धरावाच लागतो. गल्लीतला चार इंची खड्डा गाडीच्या लेखी 40 इंच खोल. सहा इंची गतिरोधक म्हणजे पाच फुटांची भिंत. वजनाला मात्र दहाने भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट लहान, म्हणून हजाराने भागायचं. दीड टनाची मोटार दीड किलोवर येते. खर्चाचं काय करायचं ते भौतिकशास्त्र सांगत नाही. तिथे गुणाकार आहे. या रिमोटच्या खेळाचा मूळपुरुष निकोला टेस्ला. त्याने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली. बोटच दाखवली. पाण्याला खड्डे नसतात, हे त्या थोर माणसाला ठाऊक असणार.

माझ्या गाडीचा पुढचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, मोडतो. प्लास्टिकचा असतो, धक्का स्वतः खाऊन बाकीची गाडी वाचवायला. मी ऐटीत अ‍ॅल्युमिनियमचा बसवला, तर आर्म शाबूत आणि चेसिसला तडा. शिवाय सुटा भाग कुणी देत नाही. एक स्क्रू हवा असला तरी अख्खा सेट घ्या. माझ्याकडे आता डाव्या बाजूचे इतके आर्म जमलेत, की फक्त डावीकडेच आपटायची सोय झाली आहे.

खरा राग जागेचा येतो. इमारती उभ्या राहिल्या, उरलेल्या फटीत पार्किंग आलं. कंपाउंडच्या मागे एक पट्टी मोकळी आहे, आणि ती पोरांच्या क्रिकेटची. मी रिमोट घेऊन उतरलो की ती बिचारी बाजूला होतात. कुरकुर नाही, काही नाही. बॉल हातात धरून भिंतीला टेकून उभी राहतात आणि माझी गाडी बंद पडायची वाट बघतात. त्यांना फार थांबावं लागत नाही, एवढंच माझं पुण्य.

"काका, मोडली?" परवा एकाने विचारलं. आवाजात सहानुभूती होती, पण पॅड बांधून झाले होते.

मोडली होती. त्यांनीच ती उचलून बोलरच्या टोकाला स्टंप म्हणून आडवी ठेवली. "बॅटरी काढा हं काका. लिपो फुटली तर आग लागते, तुम्हीच सांगितलंत." मी मुकाट्याने बॅटरी काढली. मग नियम ठरला: मागचा स्पॉयलर पडला की रनआउट.

स्पॉयलरही सुटा मिळत नाही, हे मी सांगेपर्यंत बॅट्समन अर्ध्या पिचवर पोचला होता आणि थ्रो आला होता.