बचत झाली, पैसे संपले

डीमार्टच्या बिलात खाली एक ओळ असते: आज तुमचे इतके रुपये वाचले. सोलापूरहून धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोटात आलेलं बिल त्या ओळीवर बोट ठेवूनच घरभर फिरतं. एकूण रक्कम अंगठ्याखाली झाकलेली असते. 'चारशे वाचले' हे शेजारी, भावकीत, पाहुण्यांत आठवडाभर सांगून होतं. 'गेले किती?' असं विचारणारा माणूस गावात वाकड्यात शिरणारा समजला जातो.

तर शिरू वाकड्यात. सोलापूर हैदराबाद रस्त्यावरच आहे, लांब नाही. पण गाडी काढली की डिझेल आलं, फुलवाडीचा टोल आला आणि गाडीत जागा आहे म्हणून मेव्हणा आला. उतरल्यावर पोरांना काहीतरी थंड, मोठ्यांना काहीतरी गरम. दारात आपल्या पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून देतात, हातात ट्रॉली येते आणि तिथून पुढं यादी खिशातच राहते. ट्रॉली अर्धी रिकामी दिसली की माणसाला उगाच गरीब असल्यासारखं वाटतं. साखर, तेल, साबण तळाशी बसतात. वर चढतो निळ्या झाकणांच्या डब्यांचा संच, त्यावर पायपुसणं, त्यावर फरशी पुसायचा दांडा. फरशी अजून घराला बसायचीय, पण दांडा आत्ता स्वस्त आहे. बाहेर पडताना दारावरचा माणूस बिल बघून खूण करतो आणि आपण परीक्षा पास झाल्यासारखे पायऱ्या उतरतो.

बाया गाडीवाल्यांपेक्षा हुशार. १७ मार्च २०२३पासून एसटीत त्यांना अर्धं तिकीट आहे. २०२४च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे दीड हजारही आले. सरकारनं जायची सोय केली, खर्चायचीही केली. परतीच्या गाडीत कंडक्टर त्या पिशव्यांकडे बघतो आणि मनातल्या मनात लगेजचं तिकीट फाडतो.

आता खरं ते खरं. माल तिथं स्वस्तच असतो, आणि त्यात जादू काही नाही. राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली पवईत पहिलं डीमार्ट काढलं तेव्हापासूनचा हिशेब साधा आहे. शक्य तिथं जागा स्वतःची, म्हणजे भाडं नाही. माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते, म्हणजे भाव पाडून मागता येतो. दुकानात सजावट नाही, नुसती गर्दी. मार्च २०१७मध्ये कंपनीचा २९९ रुपयांचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. स्वस्तात विकून माणूस श्रीमंत होतो, हे आपल्याकडे फक्त शेतकऱ्यालाच जमलेलं नाही.

याच धंद्यात बिग बझारही होतं. २००६च्या प्रजासत्ताक दिनी त्यांनी 'सबसे सस्ता दिन' काढला आणि दुकानांपुढं चेंगराचेंगरीची वेळ आली. पुढं कर्ज वाढत गेलं, जागांची भाडी थकली, २०२२च्या फेब्रुवारीत रिलायन्सनं दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि त्याच जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या खटल्यात दाखल झाली. म्हणजे देशभर स्वस्ताई वाटणारं दुकान शेवटी स्वतःच्याच उधारीनं बसलं. जळकोटातल्या किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी उगाच नसते. ती पाटी लावूनही सगळं गाव उधारीवर चालतं, ही गोष्ट वेगळी.

किराणा दुकानदाराला इकडं आप्पा म्हणायचं, नाव काही का असेना. आप्पा साधू नाहीत. सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवतात. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघू लागलात तर 'खाऊन बघा की' म्हणतात. बिल मागितलं तर 'इश्वास नाही व्हय?' असा चेहरा करतात, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला चार रुपये चढे लावतात. हे चार रुपये म्हणजे लूट, असं सोलापूरला जाऊन आलेलं कुणीही सांगेल. पण ते चार रुपये साखरेचे नसतात, ते थांबण्याचे असतात. जूनमध्ये नेलेल्या तेलाचे पैसे सोयाबीन निघाल्यावर येतात, आणि नाही निघालं तर तुरीवर जातात. २०२५च्या सप्टेंबरात पावसानं धाराशिव जिल्ह्यातली शिवारं धुऊन नेली. त्या दसऱ्याला 'आवंदा पाणी लागलं, पुढच्या साली देतो' असं सांगायला मोठ्या दुकानात खिडकी नव्हती. कॅशवरच्या पोरीला सांगून बघावं. ती मान वर न करता विचारील, कार्ड की यूपीआय?

म्हणून स्वस्ताईचा हा सगळा खेळ मुळात हातात रोख असणाऱ्यांचा आहे. पगारदार गुरुजी महिन्याचं एकदम भरतात, त्यांचं वाचतं. रोजंदारीवरची बाई संध्याकाळी पाव किलो साखर आणि दहाचं तेल नेते. दहा रुपयांच्या तेलावर ऑफर नसते. तिनं सोलापूरला जायचं तर तिकीट अर्धं लागेल, पण रोज पुरा बुडेल.

त्यात आपली गंमत अशी की आपण विकणारेही आहोत. २८ मे २०२५ला केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव ४८९२वरून ५३२८ रुपये केला. टाळ्या झाल्या. दोनच दिवसांनी कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. टाळ्या पुन्हा झाल्या, फक्त वाजवणारे हात वेगळे होते. मग हंगामात आडतीवर सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकलं गेलं. तेव्हा पट्टी हातात घेऊन सरकारला शिव्या घालायच्या आणि दिवाळीला तेलाच्या पिशवीवरची सूट बघून त्याच तोंडानं 'लई परवडलं' म्हणायचं, हे आपल्याला जमतं. तुरीचंही तेच. विकताना भाव पडला तर आंदोलन, डाळ घेताना पडला तर ऑफर.

बरं, मोठं पाकीट म्हणजे स्वस्त हेही दर वेळी खरं नसतं. शांपूच्या पुडीला आपण नावं ठेवतो, पण मिलिलिटरचा हिशेब मांडला तर कित्येकदा पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. काही मालाला ठरावीक वजनातच पाकीट विकायची सक्ती होती, ती सरकारनं काढून टाकली. त्यामुळं लिटरची दिसणारी तेलाची पिशवी लिटरची असेलच असं नाही. बदल्यात पाकिटावर ग्रॅममागं किंवा मिलिलिटरमागं किती पडतात ते छापायचा नियम आला. छापतातही. अक्षर एवढं बारीक की ते वाचायला आधी चष्म्यावर सूट मिळायला हवी.

आप्पांना मात्र ते वाचता येतं. सणाच्या आधी ते स्वतःच सोलापूर गाठतात. घाऊक बाजारापेक्षा सूट लागलेलं तेल कधी कधी मोठ्या दुकानातच स्वस्त पडतं. एका गिऱ्हाइकाला अमुकच नग अशी पाटी असते, म्हणून सोबत मुलगा, सून आणि पुतण्या. चौघं चार रांगांत उभे राहतात, एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच माल जळकोटात फळीवर लागतो आणि दुपारच्या आत त्याला गिऱ्हाईक येतं.

"आप्पा, तेलाच्या दोन पिशव्या द्या. सोलापूरला लई स्वस्त लागलंय म्हणं."

"मग जायचं की सोलापूरला."

"तिथं लिहून कोण घेतंय?"

आप्पा वही ओढतात.