यादी पाठ करणाऱ्यांची थोरवी

इंग्रजी फ्रेझल व्हर्ब शिकण्याचा राजमार्ग एकच. यादी घ्यावी, अकारविल्हे लावावी, घोकावी. हे शब्द माणसांच्या बोलण्यात भेटतात म्हणून तिकडे कान लावून बसणे हे रिकामटेकड्यांचे काम. मी 'पुट'चा पसारा तीन रात्रींत आटोपला. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे खपवून घेणे. चौथ्या दिवशी साहेबांना बिनदिक्कत सांगितले, की तुमची मीटिंग मी पुट आउट केली आहे. त्यांनी ते पुट अप विथ केले.

शेपूट लागले की क्रियापदाचा अर्थ पालटतो आणि ते परक्यांना फार जड जाते, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केले होते. लोगन पिअर्सॉल स्मिथने १९२५ साली आपल्या पुस्तकात या टोळीला फ्रेझल व्हर्ब म्हटले, तेही कोशकार हेन्री ब्रॅडलीने सुचवले म्हणून. बंदोबस्त दोघांनीही केला नाही. बरेच झाले. नाहीतर आमच्या याद्यांचे काय झाले असते?

काटकसर बघायची तर 'गो ऑफ' बघा. अलार्म गो ऑफ होतो म्हणजे वाजू लागतो, दिवे गो ऑफ होतात म्हणजे जातात, दूध गो ऑफ होते म्हणजे नासते. एका क्रियापदात अख्खी सकाळ! बॉम्बही गो ऑफच होतो, पण तो आमच्याकडे रोज नसतो. घर बर्न अप होते आणि बर्न डाउनही होते. ज्याचे जळते त्याने वर-खाली बघत बसू नये. 'रन आउट' तेवढे आपल्याला आधीपासून येते. दूध संपले की ते धावबाद झाले असे समजावे.

आपल्या मराठीत हा सावळागोंधळ नाही. आपण जे असेल ते सरळ सांगून टाकतो. हे मी भाचीला समजावून देत होतो, तर ती म्हणाली, "मामा, सांगून टाकायचं म्हणजे कुठे टाकायचं?"

पोरगी भलतेच बोलून गेली. गेली कुठे नाही, समोरच बसून होती. तिला म्हटले, आधी यादी पाठ करून टाक.