मांजरेच्या वाळूवर साहेब

निवृत्तीनंतर गावी परतणाऱ्यांचे बिलोलीत ठरलेले प्रकार आहेत. कोणी केशर आंब्याची कलमं लावतो, कोणी सप्त्याची पावतीबुकं सांभाळतो, कोणी आजोबांच्या नावचा फेरफार शोधत तहसील झिजवतो. हैदराबादेत नोकरी करून आलेला साहेब मात्र गोल्फ घेऊन येतो. गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगतच्या मैदानावर तो वरिष्ठांचा पाहुणा म्हणून खेळलेला असतो. किती वेळा, ते विचारू नये.

सुरुवातीला तो लांब मारतो. चेंडू हरभऱ्यात जातो आणि शोधायला गेलेली पोरं ढाळे खाऊन हात हलवत परततात. चेंडू संपत आले की साहेबाला तत्त्वज्ञान सुचतं. "लांब कोणीही मारील. खरा खेळ शेवटच्या शंभर यार्डांत!"

हिशेब त्याच्याकडे तयार असतो. ७२ फटक्यांच्या मैदानात प्रत्येक भोकापाशी दोन, म्हणजे ३६ फटके नुसते ढकलण्याचे धरलेले असतात. "निम्मा खेळ तिथंच!" हे पानटपरीवर सांगून झालं की तो गावाकडे वळतो. "सोयरीक बघा. पोरगी पसंत, पत्रिका जुळली आणि मोडली कुठं? मानपानात. शेवटचा फटका कच्चा!"

घरी अंगणात त्यानं चार इंची पाइपाचा तुकडा पुरलाय. खरं भोक सव्वाचार इंचाचं असतं, त्या पाव इंचासाठी तो रोज हळहळतो. शेणानं सारवलेलं अंगण ही त्याची हिरवळ. जुन्या छावण्यांतल्या मैदानांवर गवताऐवजी तेल पाजलेली वाळू असायची, हा दाखला तो बायकोला देतो. ती म्हणते, "आधी सारवण वाळू द्या."

पण साहेब खरा खुलतो तो वाळूत. जगभर गोल्फवाला वाळूला भितो, तिथं चेंडू पडणं ही शिक्षा. बिलोलीत मांजरेच्या वाळूला काय भाव आहे, हे ज्याचं घर चाललंय त्यालाच विचारा. तरी साहेब जाड बुडाची काठी घेऊन शेजारच्या बांधकामावरच्या ढिगात उभा! जीन सॅराझेननं १९३२ साली ब्रिटिश ओपन जिंकली ती अशीच काठी घेऊन, हे बिगाऱ्यांनासुद्धा पाठ झालंय.

"काय करायलात साहेब?" मिस्त्री विचारतो.

"पातं उघडं ठेवायचं आणि चेंडूच्या दोन इंच मागं मारायचं. चेंडूला काठी लागतच नाही, वाळूच त्याला उचलते."

"म्हणजे मारायचंय चेंडूला आणि मारायचं वाळूला?"

"बरोबर! आणि फटक्याआधी काठीनं वाळू चाचपली तर दोन फटके दंड."

वाळू घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हा नियम फारच कडक वाटला. तो गुपचूप गाडी वळवायला गेला.

साहेबानं सपकन मारलं. चेंडू जागीच, पण घमेलंभर वाळू उडून पलीकडे चाळणीपाशी पडली. घरमालक ओरडायच्या बेतात होता, मिस्त्रीनं त्याला हातानं थांबवलं.

"जमायलंय साहेब. थोडं आणखी मागून मारा," तो म्हणाला आणि बिगाऱ्याला चाळणी दोन हात पुढं सरकवायला लावली.