आईला लंडन दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत

आईला टॉवर ऑफ लंडन दाखवायचे असल्यास तयारी आदल्या रात्रीपासून करावी. तिकिटे ऑनलाइन काढावीत आणि त्यांची किंमत प्राण गेला तरी सांगू नये. पौंडाचे रुपये ती तोंडी करते आणि उत्तर वाणसामानात देते. दशम्यांचा डबा नको, असे एकदा म्हणून पाहावे. मग तो मुकाट्याने आपल्याच सॅकमध्ये भरावा.

आत बीफईटर, म्हणजे या किल्ल्याचे पहारेकरी, भेटतात. त्यांच्यासोबतची फेरी तिकिटातच धरलेली असते. १५३६ साली राणी ॲन बोलिनचे मुंडके कुठे उडवले, हे बीफईटर रंगात येऊन सांगत असताना आई विचारील, "हे राहतात कुठे?" टाळू नये, भाषांतर करून विचारावे. फौजेत निदान २२ वर्षे काढलेली ही माणसे बायकामुलांसह किल्ल्यातच राहतात, हे कळल्यावर तिला इंग्लंडविषयी प्रथमच आदर वाटतो. "क्वार्टर आहे म्हणजे नोकरी बरी." त्यानंतर ॲन बोलिनकडे तिचे लक्ष नसते. कुणाच्या खिडकीत कपडे वाळत घातलेत का, ते ती बघत असते.

आता कोहिनूर. मुकुटांच्या कपाटांपुढे सरकता पट्टा आहे, गर्दी रेंगाळू नये म्हणून. आई त्यावरून चार वेळा जाईल. आपण शेवटाला पर्स धरून उभे राहावे. पहिल्या फेरीनंतर ती म्हणेल, "एवढासाच?" इथे शरमू नये. १८५१ च्या प्रदर्शनात खुद्द लंडनकरांनीही हेच म्हणून नाक मुरडले होते. म्हणून तर पुढच्या वर्षी तो नव्याने कापला आणि १८६ कॅरटचा जेमतेम १०६ उरला. हे मात्र आईला सांगू नये. चांगला दागिना मोडणाऱ्यांविषयी तिची मते तीव्र आहेत. १८४९ च्या तहात इंग्रजांनी हा हिरा पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगाकडून घेतला तेव्हा महाराजा दहा वर्षांचा होता, हेही बाहेर पडल्यावरच सांगावे. आत पहारेकरी असतात.

डबा हिरवळीजवळच्या बाकावर उघडावा. निदान सहा डोमकावळे किल्ल्यात राहिले नाहीत तर राज्य बुडेल, अशी इथे समजूत आहे. म्हणून ते किल्ल्याच्या खर्चाने मांस खाऊन असतात. त्यांना खायला घालू नये, चोच मारतात, अशी पाटी आहे. आई पाटी वाचते आणि दशमीचा तुकडा मोडते. "कावळ्याला नाही म्हणायचं नसतं." तिचा हात धरावा. तेवढ्यात बीफईटर आला तर आपणच खात होतो असे दाखवावे.

उद्या कुठे जायचे, हे मात्र विचारू नये. ते शेजारच्या बाकावरच्या पंजाबी बाईंशी हिंदीत ठरलेले असते. साउथॉल. तिथे कढीपत्ता ताजा मिळतो म्हणे.